मेबल नॉर्मंड कोण होती? चॅप्लिनला दिग्दर्शित करणारी बाई विस्मरणात कशी गेली

तुमच्या फोनवर कधीतरी मूकपटाचा एक तुकडा येऊन गेला असेल. हॉटेलचा दिवाणखाना, ढगळ पँट, तोकडा कोट, डोक्यावर गोल टोपी, हातात काठी आणि पिऊन झिंगलेला चार्ली चॅप्लिन. खाली बहुधा लिहिलेलं असतं की चॅप्लिनने आपला जगप्रसिद्ध भटक्याचा वेष पहिल्यांदा चढवला तो या चित्रपटासाठी. माहिती खरी आहे. (प्रेक्षकांनी तो वेष दोन दिवस आधी दुसऱ्या एका छोट्या पटात पाहिला होता, पण तो जमवला गेला याच चित्रपटासाठी.) मात्र त्याच तुकड्यात एक तरुणी आहे. खोलीत कुत्र्याशी चेंडू खेळता खेळता चेंडू बाहेर जातो, तो आणायला ती रात्रीच्या पायजम्यात बाहेर येते आणि मागे दार लागून जातं. आता या अवतारात जायचं कुठे? लोकांपासून लपत ती समोरच्या खोलीतल्या पलंगाखाली शिरते, आणि तिथून सगळा घोटाळा सुरू होतो.

ती मेबल नॉर्मंड. चित्रपटाचं नाव 'मेबल्स स्ट्रेंज प्रेडिकॅमेंट', म्हणजे मेबलची विचित्र पंचाईत. ९ फेब्रुवारी १९१४ रोजी तो प्रदर्शित झाला. नायिका तीच, नाव तिचं आणि दिग्दर्शनही तिचं. चॅप्लिन त्या कंपनीत नुकताच नोकरीला लागलेला होता.

मग चॅप्लिन शाळेतल्या पोरालाही माहीत, आणि मेबल चित्रपटांच्या अभ्यासकांपलीकडे कुणालाच नाही, असं का झालं? 'काळाच्या ओघात विसरली गेली' हे उत्तर मला पुरेसं वाटत नाही. विसरलं जाण्याची कारणं असतात, आणि इथे ती एकेक करून दाखवता येतात.

## आधी 'रीळ' म्हणजे काय ते पाहू

आज आपण मोबाइलवर 'रील' बघतो. हा शब्द ज्या चकतीवरून आला ती खरीखुरी वस्तू होती: फिल्म गुंडाळायची चकती, म्हणजे रीळ. एका रिळावर साधारण एक हजार फूट फिल्म मावायची आणि ती दहा ते पंधरा मिनिटं चालायची. १९१० च्या आसपास बहुतेक विनोदी चित्रपट एका रिळाचे किंवा अर्ध्या रिळाचेच असत. सिनेमा म्हणजे तीन तासांची गोष्ट ही आपली कल्पना तेव्हा जन्मायची होती.

हे ध्यानात आलं की मेबलचं काम कळायला लागतं. ती दर आठवड्याला लोकांसमोर येत होती. आजचा एखादा लोकप्रिय विनोदवीर फोनवर जसा वरचेवर भेटतो, तशी ती अमेरिकेच्या गावागावांत भेटत होती. तिने दीडशेहून जास्त चित्रपट केले, आणि त्यातले बरेचसे असे छोटे होते.

दुसरा शब्द 'स्लॅपस्टिक'. पडणं, आपटणं, पाठलाग, चिखल, पाणी, तोंडावर फेकलेला केक, असा अंगाने करायचा विनोद. आवाज नसलेल्या चित्रपटात शाब्दिक कोटीला वाव फार कमी, त्यामुळे हसवायचं तर शरीरानेच. तमाशातली बतावणी आठवा. विषयाचा एक धागा हातात असतो, बाकीचं सोंगाड्या उभ्या उभ्या रचतो. मेबलच्या कंपनीत काम साधारण तसंच चालायचं. चार ओळींची कल्पना घ्यायची, जवळच्या बागेत किंवा तळ्याकाठी जायचं आणि कॅमेऱ्यासमोर गंमत उभी करायची.

आपल्या तमाशातल्या गवळणीत हशा कोण घेतं? मावशी, आणि ती असते पुरुष. बाईने सुंदर दिसावं, नाचावं, आणि हसवण्याचं काम पुरुषाने बाईचं सोंग घेऊन करावं, ही वाटणी फक्त आपलीच नाही. अमेरिकन रंगभूमीवरही विनोदी स्त्री बहुधा बेढब, वयस्कर किंवा भांडकुदळ दाखवली जाई, आणि कित्येकदा तिचं काम पुरुष करत. मेबल देखणी होती, तरुण होती, आणि तरीही चिखलात पडायला तयार होती. सुंदर मुलगी स्वतः विनोद घडवते, ती नुसती विनोदाचं निमित्त नसते, हे तिने पडद्यावर रुजवलं. माझ्या मते तिचं सगळ्यात मोठं काम हेच.

## ती आली कुठून?

न्यूयॉर्कजवळच्या स्टेटन आयलंडवर १८९० च्या दशकाच्या सुरुवातीला तिचा जन्म झाला. वडील फ्रेंच-कॅनडियन वंशाचे, सुतारकाम करणारे. आई आयरिश वंशाची. घरची परिस्थिती बेताची. कोवळ्या वयात ती चित्रकारांसमोर मॉडेल म्हणून बसू लागली. चार्ल्स डेना गिब्सन हा त्या काळातला फार मोठा रेखाचित्रकार, त्याच्यासाठीही ती बसली. तिथून न्यूयॉर्कमधल्या व्हायटाग्राफ आणि बायोग्राफ या चित्रपट कंपन्या. बायोग्राफमध्ये डी. डब्ल्यू. ग्रिफिथ गंभीर चित्रपट काढत होता आणि तिथेच मॅक सेनेट नावाचा एक नट विनोदी पट दिग्दर्शित करू लागला होता. १९११ च्या 'द डायव्हिंग गर्ल' मध्ये पोहण्याच्या पोशाखात पाण्यात सूर मारणारी मेबल लोकांना आवडली. ती खरोखर उत्तम पोहायची.

१९१२ मध्ये सेनेटने कीस्टोन कंपनी सुरू केली आणि मेबलला बरोबर घेतलं. त्या सप्टेंबरात कंपनीचे पहिले पट लागले, त्यांत मेबलचा 'द वॉटर निम्फ' होता. थोड्याच दिवसांत सगळं बिऱ्हाड लॉस एंजलिसमधल्या एडनडेल भागात हललं.

याच सुमाराला मुंबईत काय चाललं होतं? ३ मे १९१३ रोजी गिरगावातल्या कोरोनेशन थिएटरात दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' लागला. तारामतीचं काम अण्णा साळुंके या पुरुषाने केलं, कारण सिनेमात काम करायला बाई मिळाली नाही. दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई पडद्यावर आल्या त्या फाळक्यांच्या पुढच्या 'मोहिनी भस्मासुर' मध्ये. एका शहरात बाईने पडद्यावर दिसणं हाच प्रश्न होता, आणि जगाच्या दुसऱ्या टोकाला एक विशीतली मुलगी कॅमेऱ्यामागे जायच्या बेतात होती. ही दोन चित्रं शेजारी ठेवली की तिच्या झेपेचा अंदाज येतो.

## रुळांना बांधलेली नायिका

नायिकेला आगगाडीच्या रुळांना बांधणारा मिशाळ खलनायक. हे दृश्य मूकपटातलं म्हणून सगळ्यांना माहीत असतं, आणि जुने लोक असलं काही गंभीरपणे बघायचे असा समज असतो. त्याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण म्हणजे १९१३ चा 'बार्नी ओल्डफील्ड्स रेस फॉर अ लाइफ'. रुळांना बांधलेली आहे मेबल. पण ती थट्टा आहे! त्याआधीच्या काळातल्या रडक्या, भडक नाटकांत हा प्रसंग इतका घासून गेला होता की कीस्टोनवाल्यांनी त्याची टर उडवली, आणि त्या वेळचा प्रेक्षक हे ओळखून हसत होता. शंभर वर्षांनी संदर्भ हरवला, चित्र तेवढं उरलं, आणि थट्टेलाच आपण मूळ समजू लागलो.

तोंडावर केक फेकण्याचं असंच आहे. पहिला केक मेबलने १९१३ मध्ये फेकला असं सर्रास लिहिलं जातं. पण १९०९ च्या 'मिस्टर फ्लिप' मध्ये विनोदी नट बेन टर्पिनच्या तोंडावर केक आलेला आहे. म्हणून तो मान मी तिला देणार नाही. तिला खोट्या मानाची गरजही नाही.

## दिग्दर्शन तिनेच केलं, हे कशावरून?

ही शंका रास्त आहे. त्या काळात पडद्यावर आजच्यासारखी श्रेयनामावली नसायची. कीस्टोनच्या पटांत तर नटांचीही नावं येत नसत. त्यामुळे कुणी काय केलं हे नंतर कंपनीचे कागद, त्या वेळची व्यापारी नियतकालिकं आणि सहकाऱ्यांच्या आठवणी जुळवून ठरवावं लागतं. 'मेबल्स स्ट्रेंज प्रेडिकॅमेंट' चं श्रेय अनेक वर्षं कीस्टोनचाच दुसरा दिग्दर्शक हेन्री लेहरमन याच्या नावावर होतं. पुढे कागद तपासले गेले आणि ते मेबलकडे आलं.

इथे नावाची गोष्ट फार महत्त्वाची आहे. नटांची नावं पडद्यावर नसताना मेबलचं नाव मात्र थेट शीर्षकात असायचं: 'मेबल्स बिझी डे', 'मेबल अ‍ॅट द व्हील', 'मेबल्स मॅरीड लाइफ', 'मेबल्स ब्लंडर'. तिकीट तिच्या नावावर खपत होतं. मग चॅप्लिन अफाट लोकप्रिय झाला. व्यापाऱ्यांनी तेच जुने पट पुन्हा बाजारात आणले आणि शीर्षकं बदलली. 'मेबल्स बिझी डे' मध्ये मेबल शर्यतीच्या मैदानावर सॉसेज विकणारी गरीब मुलगी आहे आणि चॅप्लिन तिचा माल पळवतो. त्याचं नवं नाव झालं 'चार्ली अँड द सॉसेजेस'. 'मेबल अ‍ॅट द व्हील' झाला 'हॉट फिनिश'.

जमीन एकाने कसायची आणि सातबाऱ्यावर नाव दुसऱ्याचं लागायचं, हे आपल्याकडे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. उताऱ्यावरचं नाव गेलं की दोन पिढ्यांनी कसणाऱ्याची नातवंडंही खात्रीने काही सांगू शकत नाहीत. मेबलच्या बाबतीत तेच झालं. कुणी एकाने बसून तिच्याविरुद्ध कट केला असं मी म्हणत नाही. चॅप्लिनचं नाव विकलं जात होतं, म्हणून तिचं पुसलं गेलं.

## पण चॅप्लिन स्वतःच म्हणतो ना, की तिला दिग्दर्शन येत नव्हतं?

हो, १९६४ च्या आत्मचरित्रात त्याने तसा संशय व्यक्त केला आहे. 'मेबल अ‍ॅट द व्हील' च्या चित्रीकरणात त्याला पाण्याच्या नळीवर उभं राहून करायची एक गंमत घालायची होती. मेबल म्हणाली वेळ नाही, सांगितलंय तेवढं कर. त्याने काम करायलाच नकार दिला आणि रस्त्याच्या कडेला जाऊन बसला. सेनेट भडकला. पण न्यूयॉर्कहून मालकांचा निरोप आला की चॅप्लिनच्या पटांना मागणी वाढते आहे, आणखी पाठवा. मग समझोता झाला, आणि लवकरच चॅप्लिनला स्वतःचे पट स्वतः दिग्दर्शित करायला मिळाले.

ही हकिकत त्याच्या बाजूने वाचली तर प्रतिभावंताची घुसमट दिसते. मेबलच्या जागी उभं राहून वाचा. आठवड्याला पट पूर्ण करायचे आहेत. चित्रीकरण उघड्या रस्त्यावर आहे, उन्हाचा भरवसा नाही. आणि दोन-तीन महिन्यांपूर्वी आलेला, आठवड्याला १५० डॉलरवर काम करणारा नवा नट प्रत्येक प्रसंगात बदल सुचवतो आहे. 'वेळ नाही' हे त्या दिवशीचं अगदी साधं सत्य असणार.

चॅप्लिनचा विनोद संथ होता, एकेक बारकावा फुलवणारा. कीस्टोनचा वेगवान होता. पद्धतींचं हे भांडण होतं, आणि पुढे चॅप्लिनची पद्धत किती मोठी ठरली ते जगाने पाहिलं. त्यावरून मेबलला काम येत नव्हतं हे मात्र सिद्ध होत नाही. त्याच भांडणानंतर आलेल्या 'कॉट इन अ कॅबरे' मध्ये चॅप्लिनने पुन्हा तिच्या दिग्दर्शनाखाली काम केलं. वर्षअखेरीला दोघं 'टिलीज पंक्चर्ड रोमान्स' या सहा रिळांच्या विनोदी चित्रपटात नटी मेरी ड्रेसलरबरोबर होते. पूर्ण लांबीचा विनोदी चित्रपट म्हणून तो अगदी सुरुवातीचा. आणि 'मेबल्स ब्लंडर', जो तिने लिहिला, दिग्दर्शित केला आणि ज्यात मुख्य काम केलं, तो २००९ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत जतनासाठी निवडला गेला.

ती पहिली स्त्री-दिग्दर्शक होती का? नाही. फ्रान्समध्ये आलिस गी हिने १८९६ पासूनच चित्रपट काढले होते. आपल्याकडे १९२६ मध्ये फातमा बेगमने 'बुलबुल-ए-परिस्तान' दिग्दर्शित केला. सिनेमा कुणी फारसा गंभीरपणे घेत नव्हतं तेव्हा बायकांना त्यात जागा होती. तो मोठा धंदा झाला, बँकांचा पैसा आला, आणि दिग्दर्शकाच्या खुर्च्या एकामागून एक पुरुषांकडे गेल्या.

## वर चढलेली वर्षं

१९१६ पर्यंत तिची आणि रॉस्को आर्बकलची जोडी घराघरांत पोचली होती. आर्बकल म्हणजे तो गोलमटोल, तरीही विलक्षण चपळ विनोदी नट. 'फॅटी अँड मेबल अ‍ड्रिफ्ट' मध्ये त्यांचं नवं घर खलनायक समुद्रात लोटून देतो आणि सकाळी दोघं पाण्यावर तरंगत्या पलंगावर जागे होतात. त्यातच एक दृश्य आहे: झोपलेल्या मेबलच्या गालावर आर्बकलची सावली टेकते आणि तिचा मुका घेते. धांगडधिंग्याच्या मधोमध इतका हळुवार क्षण. मी तो कितीदा पाहिलाय याचा हिशेब नाही.

त्याच वर्षी तिच्या नावाने स्वतंत्र कंपनी निघाली, 'मेबल नॉर्मंड फीचर फिल्म कंपनी'. लॉस एंजलिसमधल्या बेट्स अ‍ॅव्हेन्यूवरची तिची स्टुडिओची इमारत अजून उभी आहे. तिथे 'मिकी' तयार झाला, धंद्याच्या भानगडींत रखडला आणि १९१८ मध्ये, इन्फ्लुएंझाच्या साथीच्या वर्षात, प्रदर्शित होऊन प्रचंड चालला. तोवर ती सॅम्युअल गोल्डविनच्या कंपनीत गेली होती. तिथे तिने बरेच चित्रपट केले, मग १९२१ मध्ये 'मॉली ओ' साठी सेनेटकडे परतली.

## मग घसरण कशी झाली?

सप्टेंबर १९२१ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या एका हॉटेलातल्या पार्टीनंतर व्हर्जिनिया रॅपे या नटीचा मृत्यू झाला आणि आर्बकलवर खटला भरला. तीन वेळा सुनावणी झाली. दोनदा ज्युरींचं एकमत झालं नाही. तिसऱ्यांदा, एप्रिल १९२२ मध्ये, त्याला निर्दोष ठरवून ज्युरींनी लेखी दिलगिरीही व्यक्त केली. त्यानंतर आठवडाही उलटला नव्हता तेव्हा चित्रपट उद्योगाने नेमलेल्या विल हेज यांनी त्याच्या चित्रपटांवर बंदी घातली. मेबल त्या पार्टीत नव्हतीच. पण तिच्या लोकप्रिय पटांचा मोठा हिस्सा त्याच्याबरोबरचा होता. जोडीतला एक बाद, म्हणजे दोघांचे पट बाद.

खटला चालू असतानाच दुसरा घाव बसला. १ फेब्रुवारी १९२२ च्या संध्याकाळी मेबल तिचा मित्र, दिग्दर्शक विल्यम डेस्मंड टेलर याच्या घरी गेली. त्याने तिला वाचायला पुस्तकं दिली, तिच्या मोटारीपर्यंत पोचवायला तो बाहेर आला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्या नोकराला तो घरात मृत सापडला, गोळी लागून. तो खून आजवर उलगडलेला नाही.

## धूर दिसला म्हणजे आग असणारच, नाही का?

गावात एखाद्याच्या दारापुढे पोलिसांची जीप थांबली, की ती साक्षीसाठी आली होती का पत्ता विचारायला, हे कुणी विचारत नाही. जीप थांबली एवढंच लक्षात राहतं. टेलरला जिवंत पाहिल्याचं ज्ञात असलेली शेवटची व्यक्ती मेबल होती, म्हणून तिची चौकशी झाली. तिचा चालक बाहेर थांबलेला होता. पोलिसांनी तिला संशयितांतून वगळलं. पण वर्तमानपत्रांना रोज मजकूर हवा होता, आणि विनोदी नटीच्या हसऱ्या फोटोशेजारी 'खून' हा शब्द छापला की अंक खपत होता.

तरीही १९२३ मध्ये ती 'द एक्स्ट्रा गर्ल' घेऊन परत आली. लहान गावातली मुलगी नटी व्हायला हॉलीवूडला जाते आणि कपडेपटात कामाला लागते. एका प्रसंगात ती सिंहाला दोरीने ओढत स्टुडिओभर फिरते, कारण तिला वाटतं हा सिंहाचं कातडं चढवलेला कुत्रा आहे. सिंह खराखुरा होता.

आणि १ जानेवारी १९२४ ला तिच्या चालकाने तिच्याच पिस्तुलाने कोर्टलँड डाइन्स या तिच्या परिचितावर गोळी झाडली. डाइन्स वाचला, चालक पुढे सुटला. पण अडीच वर्षांच्या आत तीन प्रकरणांशी नाव जोडलं गेल्यावर लोकांनी तपशील ऐकून घेणं सोडून दिलं होतं. काही ठिकाणी तिचे चित्रपट दाखवू नयेत म्हणून मोहिमा झाल्या. त्याच सुमाराला कंपन्या कलाकारांच्या करारात वर्तणुकीचं कलम घालू लागल्या होत्या: तुमच्यामुळे बोभाटा झाला तर करार संपला. दोष तुमचा होता का, हा मुद्दा त्यात दुय्यम.

मी ज्या नोंदी वाचल्या त्यांत या तिन्ही प्रकरणांत तिच्यावर गुन्हा शाबीत झाल्याची एकही ओळ नाही. तरीही तिच्याविषयीच्या लेखनाचा निम्मा भाग खुनाबद्दल असतो. मला हे फार लागतं.

१९२६-२७ मध्ये हॅल रोचच्या कंपनीत तिने काही छोटे पट केले. स्टॅन लॉरेल तिथे लेखन-दिग्दर्शनात होता, पुढे त्याचा जोडीदार म्हणून गाजलेल्या ऑलिव्हर हार्डीनेही तिच्या दोन पटांत काम केलं आहे. पण शरीर थकलं होतं. तिला क्षय होता. क्षयावरचं पहिलं खरं औषध, स्ट्रेप्टोमायसिन, १९४० च्या दशकात आलं. तोवर मिरजेच्या वानलेस सॅनिटोरियमसारख्या ठिकाणी मोकळी हवा, विश्रांती आणि सकस अन्न हेच मुख्य उपचार होते. कॅलिफोर्नियातल्या मनरोव्हियामधल्या अशाच एका आरोग्यधामात २३ फेब्रुवारी १९३० रोजी ती गेली. चाळिशीही गाठली नव्हती. बोलपट सुरू झाले होते, तिचा एकही नाही.

## चित्रपट चांगले असते, तर टिकले नसते का?

टिकणं आणि चांगलं असणं यांचा मूकपटांच्या बाबतीत फारसा संबंध नाही. तेव्हाची फिल्म नायट्रेटची असे, पटकन पेट घेणारी आणि ठेवून ठेवून कुजणारी. शिवाय तिच्यावरच्या थरात चांदी असे. आपल्या घरांत आजीची जरीची साडी विरली की ती जाळून जरीतली चांदी काढत किंवा जर मोडीत देत, तसंच इथेही. चालून झालेली फिल्म म्हणजे जागा अडवणारा, आगीची भीती असलेला माल. चांदी काढून घेतली की निदान चार पैसे सुटत. आजीची साडी कितीही देखणी असली तरी ती वाचत नसे.

अमेरिकन काँग्रेसच्या ग्रंथालयाने २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार १९१२ ते १९२९ या काळातल्या १०,९१९ पूर्ण लांबीच्या अमेरिकन मूकपटांपैकी मूळ स्वरूपात उरलेत फक्त १४ टक्के. सुमारे ७० टक्के पूर्ण नष्ट झाले. आपल्याकडे 'राजा हरिश्चंद्र' चीही सगळी रिळं हाती नाहीत.

म्हणून एखादं रीळ सापडतं तेव्हा फार मोठी गोष्ट घडते. २०१० मध्ये न्यूझीलंडच्या चित्रपट संग्रहात पंचाहत्तर जुने अमेरिकन चित्रपट मिळाले. अमेरिकेत त्यांच्या प्रती नाहीत असंच सगळे धरून चालले होते. न्यूझीलंड हा वितरणाच्या रांगेतला शेवटचा देश. तिथून फिल्म परत पाठवायचा खर्च तिच्या किमतीहून जास्त, म्हणून ती तिथेच पडून राहिली. त्या साठ्यात 'वन इन अ क्लॉझेट' होता, मेबलने दिग्दर्शित केलेल्या अगदी पहिल्या पटांपैकी एक, १९१४ च्या जानेवारीत लागलेला. म्हणजे चॅप्लिनचा तो वेष जन्माला येण्याआधी ती दिग्दर्शक म्हणून काय करत होती, ते आता डोळ्यांनी बघता येतं.

तिचे बरेचसे उरलेले पट आज स्वामित्वहक्कातून मुक्त आहेत आणि इंटरनेटवर मोफत मिळतात. सुरुवात 'मेबल्स ब्लंडर' पासून करा. त्यात ती कचेरीतली टायपिस्ट आहे, आपला नवरदेव दुसऱ्या बाईबरोबर हिंडतो असा तिला संशय येतो, आणि त्याच्यावर पाळत ठेवण्यासाठी ती मोटारचालकाशी कपडे बदलते. शक्य झालं तर आवाज बंद करा, मागे लावलेलं संगीत अनेकदा फार घाईचं असतं. आणि ती पहिल्यांदा दोघांना एकत्र पाहते तेव्हा फक्त तिच्या चेहऱ्याकडे लक्ष ठेवा. राग येतो, तो ती गिळते, मग डोळ्यांत काहीतरी चमकतं, आणि ती काय करायचं ठरवते आहे हे पुढचं दृश्य यायच्या आत तुम्हाला कळलेलं असतं.